थामोराला पहिल्यांदा जाताना

स्पेनला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या दहा जणांना विचारलं तर नऊ जण माद्रिद, बार्सेलोना आणि फार तर सेव्हिया सांगतील. दहावा सालामांका सांगेल. तिथून बसने तासाभरावर असलेल्या थामोराचं नाव सहसा कुणाच्या तोंडी नसतं. साठेक हजार वस्तीचं, दुएरो नदीकाठच्या खडकावर बसलेलं हे जिल्ह्याचं गाव. बाराव्या-तेराव्या शतकातली वीसहून जास्त चर्च इथे चालत फिरण्याच्या अंतरात उभी आहेत, आणि बहुतेकांना तिकीटही नाही. रोमानेस्क म्हणतात त्या गोल कमानींच्या, जाड भिंतींच्या शैलीचं एवढं दाट पीक एकाच गावात युरोपात फार ठिकाणी सापडत नाही.

आधी नावाचं बघू. स्पेनमध्ये ‘झ’ नाही, म्हणून झामोरा म्हणू नका. दक्षिण अमेरिकेतले लोक सामोरा म्हणतात. ते आपल्या कानाला आपलं वाटतं, पण गावातला माणूस थामोराच म्हणतो आणि स्टेशनवरच्या घोषणेतही तेच ऐकू येतं. कान तेवढा तयार ठेवा, नाहीतर गाडी फलाटावर लागल्याचं कळणार नाही.

जायच्या आधी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. राहण्याच्या जागेचं आरक्षण दाखवावं लागतं. थामोरात दोन रात्री ठेवा. माद्रिदहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारेही आहेत, पण त्यांच्या वाट्याला हे गाव अर्धंच येतं. असं का, ते पुढे येईलच.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा कधी कधी पस्तिशीच्या वर जातो आणि दगडी गल्ल्या तापतात. डिसेंबर-जानेवारीत नदीवरून धुकं चढतं. कधी कधी ते दिवसभर उतरतच नाही, आणि मग कॅथेड्रलचा घुमट खालून दिसेनासा होतो. धुक्यातलं थामोरा मला आवडतं, पण पहिल्या खेपेला ते नको.

पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, जायचं असेल तर गोष्टच वेगळी. त्याबद्दल खाली सवडीने लिहिलं आहे.

माद्रिदहून गाडी

विमानतळाच्या टर्मिनल चारवरून सेर्कानियास ही लोकल थेट चामार्तीन स्टेशनला जाते. तिथूनच थामोराची वेगवान गाडी सुटते आणि तास-सव्वातासात, फार तर दीड तासात पोचवते. हा वेगवान मार्ग २०१५ च्या डिसेंबरात थामोरापर्यंत आला. त्याआधी याच प्रवासाला जास्त वेळ लागायचा. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं. स्टेशनवर सामान यंत्रातून तपासतात, त्यामुळे अर्धा तास हाताशी ठेवा. ‘गाडी दिसली की चढू’ ही आपली सवय इथे चालत नाही. फलाटाचं दार गाडी सुटायच्या आधीच बंद होतं.

थामोरा स्टेशनवरून जुन्या गावात सामान ओढत वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. चाकांची बॅग असेल तर टॅक्सीच करा, कारण पुढच्या गल्ल्यांत दगड अंथरलेले आहेत.

घड्याळ गावाचं

ही पायरी चुकली की बाकीच्या सगळ्या चुकतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सोमवारी दुपारी पावणेदोनला उतरलो. खोलीवर बॅग टाकली आणि उत्साहात निघालो. पहिलं चर्च बंद, दुसरं बंद, तिसऱ्याच्या दाराला कुलूप. रस्त्यावर माणूस नाही, दुकानांची शटरं खाली. मला वाटलं, गावात काही वाईट घडलं असावं. तसं काही नव्हतं. गाव जेवायला घरी गेलं होतं. पाच वाजता दारं उघडली तीही अर्धीच, कारण सोमवारी बरीच चर्च पर्यटकांसाठी उघडतच नाहीत.

तेव्हा हिशेब असा ठेवा. सकाळी दहाच्या सुमाराला चर्च उघडतात आणि एक-दोनला बंद होतात. संध्याकाळी पाचला पुन्हा उघडून सात-आठपर्यंत चालतात. हिवाळ्यात संध्याकाळची पाळी लवकर आवरते. प्रत्येक चर्चची वेळ वेगळी असते आणि हंगामाप्रमाणे बदलते, म्हणून गावात उतरल्यावर पहिलं काम एकच: पर्यटन कार्यालयात जाऊन त्या महिन्याचा वेळापत्रकाचा छापील कागद घ्यायचा. मोबाइलवरच्या वेळांवर जाऊ नका. कागद घडी करून खिशात ठेवा आणि सोमवार टाळा. मंगळवारी दुपारी येऊन गुरुवारी निघालात तर उत्तम.

दुपारी दोन ते पाच या वेळेशी भांडू नका. दोनला जेवायला बसा, मग खोलीवर जाऊन आडवे व्हा. वामकुक्षी आपल्याला कुणी शिकवायला नको.

चर्च कसं बघायचं

आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेली जुनी चर्च म्हणजे जुन्या गोव्याची. चुन्याने पांढरी केलेली उंच दर्शनी भिंत, आत सोनेरी वेदी, भरपूर उजेड. किंवा वसईच्या किल्ल्यातले भग्न अवशेष. ती सगळी सोळाव्या शतकाची किंवा त्यानंतरची. थामोरातली चर्च त्यांच्याआधी चारेकशे वर्षांची आहेत आणि त्यांचा स्वभाव उलटा आहे. बुटकी, जाड भिंतींची, आत अंधार, सोनं जवळजवळ नाहीच. बॉम जेझूसची गिलावा काढलेली उघडी भिंत आठवते ना? तो उघडेपणा जरा जवळचा. पण तिथला जांभा लाल, इथला दगड मधाच्या रंगाचा.

या दगडाला हात लावून बघा. वाळू घट्ट झालेला दगड आहे, मध्ये मध्ये गारगोट्या अडकलेल्या दिसतात. तो मऊ असल्यामुळे नक्षी खोल काढता आली, आणि मऊ असल्यामुळेच आठशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने कितीतरी चेहरे पुसून टाकले.

आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. पूर्वेकडे अर्धवर्तुळाकार फुगवटा दिसेल, तीच वेदीमागची बाजू. बांधकाम बहुधा तिथूनच सुरू व्हायचं, म्हणून चर्चचा सगळ्यात जुना भाग सहसा तोच. छपराखाली ओळीने बाहेर आलेले छोटे दगड दिसतील. त्यांच्यावर माणसांची डोकी, प्राणी, कधी चावट आकृत्या कोरलेल्या असतात. मग दरवाजा. एकात एक बसवलेल्या गोल कमानी, दरवाजा जणू टप्प्याटप्प्याने आत जातो. कमानी गोल का? या शैलीची ती ओळखच आहे. गोल कमान आणि वरची दगडी कमानदार छतं भिंतींना बाहेर ढकलतात. तो रेटा पेलायला भिंती जाड हव्या, खिडक्या लहान हव्या. आतला अंधार त्या हिशेबातून आला आहे.

एवढं बघून झालं की आत जा आणि दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की खांबांची डोकी दिसायला लागतात.

रीतीभाती साध्या आहेत. टोपी काढायची. चपला-बूट काढायचे नाहीत, ही आपल्याला सवय नसलेली गोष्ट. दाराशी दगडी भांड्यात पाणी असतं, ते पवित्र पाणी, हात धुवायचं नव्हे. मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, चालू असेल तर फिरू नका. शेवटच्या बाकावर बसा किंवा नंतर या. फ्लॅश नको. काही ठिकाणी एक युरोचं नाणं टाकलं की वेदीवरचा दिवा काही मिनिटं लागतो, म्हणून सुटी नाणी खिशात असू द्या.

पहिली सकाळ: कॅथेड्रलपासून खाली

जुनं गाव लांबट आहे. पश्चिम टोकाला किल्ला आणि कॅथेड्रल, मधून एकच मुख्य रस्ता नावं बदलत पूर्वेकडे येतो. सगळे पाहुणे पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जातात आणि कॅथेड्रलला पोचेपर्यंत दमतात. तुम्ही उलटं करा. सकाळी टॅक्सीने किंवा चालत थेट किल्ल्याशी जा. किल्ला फुकट आहे, बागेत बाल्तासार लोबो या शिल्पकाराची शिल्पं ठेवली आहेत, तटावरून नदी दिसते. अर्ध्या तासात आटपतं.

मग कॅथेड्रल. ११५१ ते ११७४ अशा तेवीस वर्षांत त्याचं मुख्य काम झालं. त्या काळच्या मानाने हे फार लवकर, कारण इतर ठिकाणी अशी कामं शतकभर रेंगाळायची. आकाराने लहान आहे आणि त्यातच त्याची गोडी. घुमट बाहेरून बघा: दगडाच्या चपट्या खवल्यांनी मढवलेला, माशाच्या पाठीसारखा. भोवती चार छोटे बुरूज, खाली सोळा खिडक्या. असा घुमट इथे आला कुठून यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. काहींना त्यात बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यातला, हात दिसतो. सालामांकाच्या जुन्या कॅथेड्रलवर आणि शेजारच्या तोरो गावातल्या चर्चवर याचीच भावंडं आहेत. खाली दक्षिणेकडे बिशपचा दरवाजा आहे, मूळ बांधकामातला. कमानींच्या कडा पाकळ्यांसारख्या कापलेल्या. उत्तरेचा देखणा खांबांचा दरवाजा बघून फसू नका. तो १५९१ च्या आगीनंतरचा आहे.

इथे तिकीट आहे, काही युरोचं. त्यातच संग्रहालय येतं आणि ते चुकवू नका. पंधराव्या शतकात फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, विणलेले ट्रॉयच्या युद्धाचे भिंतभर मोठे पडदे तिथे टांगलेले आहेत. घोडे, भाले, चिलखतं, मरणारी माणसं, सगळं इतकं दाटीवाटीने की कुठलाही हातभर तुकडा निवडावा आणि तिथेच पाच मिनिटं घालवावीत. कॅथेड्रलमध्ये गायकवृंदाची लाकडी आसनं आहेत, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हुआन दे ब्रुसेलास याने कोरलेली. वर संत-प्रेषित गंभीर बसले आहेत, आणि खाली, जिथे पाद्री टेकायचे तिथे, भिक्षूंची टिंगल चालली आहे. ती बघायला वाकावं लागतं. वाका.

बाहेर पडून तटाकडे वळलात तर एक छोटी वेस लागेल. १०७२ साली कास्तियाचा राजा सांचो याने सख्ख्या बहिणीला, उर्राकाला, थामोरात वेढलं. बापाने राज्य मुलांत वाटलं होतं आणि थोरल्याला सगळंच हवं होतं. हे आपल्याला समजावून सांगायला नको. वेढा महिनोन्‌महिने चालला. मग बेयिदो दोल्फोस नावाचा माणूस फितूर झाल्याचं सोंग घेऊन बाहेर गेला, ७ ऑक्टोबरला त्याने राजाला मारलं आणि याच वेशीतून तो आत पळाला म्हणतात. कास्तियाच्या बाजूने ही गद्दाराची वेस, शेकडो वर्षं तेच नाव चाललं. थामोराच्या बाजूने मात्र त्याने गाव वाचवलं. एकविसाव्या शतकात नगरपालिकेने पाटी बदलून ‘निष्ठेची वेस’ केली. गावात अजून दोन्ही नावं ऐकू येतात. ‘थामोरा काही एका तासात जिंकलं नाही’ ही म्हण स्पॅनिशमध्ये या वेढ्यामुळे आली. घाई करणाऱ्याला सुनावताना ती आजही वापरतात.

तिथून मुख्य रस्त्याने पूर्वेकडे या. ला माग्दालेना नावाचं चर्च डावी-उजवीकडे शोधावं लागणार नाही, त्याचा दक्षिण दरवाजाच तुम्हाला थांबवेल. कमानींवर पानांची इतकी दाट वेल आहे की दगड दिसतच नाही. आत एकच उंच दालन. भिंतीशी एका बाईची कबर आहे. ती पलंगावर निजली आहे, अंगावरून चादरीच्या चुण्या ओघळल्या आहेत, वर दोन देवदूत तिचा प्राण उचलून नेताहेत, आणि खांबांवर मात्र राक्षसी प्राणी एकमेकांशी गुंतले आहेत. ती कोण होती, कुणालाच माहीत नाही. गावातल्या सगळ्या कोरीव कामात मला ही एक बाई सगळ्यात जिवंत वाटते. सकाळी अकराच्या आसपास गेलात तर दारातून तिरका उजेड आत येतो.

पुढे विरियातोचा चौक आहे. छाटून एकमेकांत गुंतवलेल्या झाडांची सावली, रोमनांशी झुंजलेल्या विरियातोचा पुतळा, खाली लॅटिनमध्ये ‘रोमनांचा कर्दनकाळ’ अशा अर्थाची अक्षरं. कॉफीची वेळ झालेली असेल. बसा.

सान सिप्रियानो इथून दोन मिनिटांवर आहे. चर्चच्या भिंतीत बसवलेल्या शिल्पांत काम करणारा एक लोहार आहे, शेजारी कोरीव अक्षरं आहेत. राजे आणि संत सगळीकडेच असतात, लोहार क्वचित. मागच्या कठड्यावरून नदीचा देखावाही मिळतो.

मग मुख्य चौक, प्लाथा मायोर. चौकात मधोमध सान हुआनचं चर्च आहे. मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा, चिलखत घातलेला निशाणधारी पुतळा आहे, त्याचं नाव पेरोमातो. मनोऱ्याकडे बघताना करकोच्यांची घरटीही दिसतील, गाडीच्या चाकाएवढी. पक्षी चोची आपटून टकटक आवाज करतात, तो चौकभर ऐकू येतो. घरट्याखाली उभे राहू नका, एवढंच.

घड्याळात दोन वाजत आले असतील. कॅथेड्रल, ला माग्दालेना, सान सिप्रियानो, सान हुआन. एका सकाळी चार पुरेत. यादीवर वीस नावं आहेत म्हणून धावणारे लोक मी बघितले आहेत. संध्याकाळी त्यांना कुठली कबर कुठल्या चर्चमधली हे आठवत नाही.

जेवण, आणि शाकाहारी मंडळींसाठी चार शब्द

दुपारी ‘मेनू देल दिआ’ मागा: दोन पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड, सगळं मिळून साधारण बारा ते सोळा युरोत. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळत नाही. भूक लागली तर एर्रेरोस या अरुंद गल्लीत बारची रांग आहे, तिथे उभ्याने खा.

‘आर्रोथ आ ला थामोराना’ हे नाव वाचून आपला भात आला असं समजू नका. त्यात डुकराचे कान आणि पाय असतात. मांसाहारी माणसाने तो जरूर खावा, लाल तिखटाच्या भुकटीचा वास घरची आठवण करून देतो. शाकाहारी असाल तर ‘सोय बेखेतारिआनो’, बाई असाल तर ‘बेखेतारिआना’, एवढ्यावर थांबू नका. इथे हॅमला पुष्कळ लोक मांस धरत नाहीत, तो चवीपुरता असतो असं समजतात. म्हणून लगेच म्हणा: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नको. लसणीचं सूप आणि फ्वेन्तेसाउकोचे छोले या दोन्ही गोष्टी ऐकायला शाकाहारी आहेत, भांड्यात बहुधा नसतात. विचारून घ्या. हमखास चालणारं: बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, अंडं खात असाल तर. आणि थामोराचं मेंढीच्या दुधाचं चीज, जुनं मुरलेलं. ते बाजारातून तुकडा कापून घ्या. मुख्य मंडई विसाव्या शतकाच्या सुरुवातीची लोखंड आणि काचेची इमारत आहे, ती बघणंही त्यात होऊन जातं. वाइन घेत असाल तर शेजारच्या तोरोची घ्या, पण ती दुपारची नव्हे.

संध्याकाळ: नदीकडे

पाचनंतर कॅथेड्रलच्या खालच्या अंगाला, ओलिवारेस वस्तीत उतरा. उतार आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. सान क्लाउदिओ दे ओलिवारेस हे नदीकाठचं एवढंसं चर्च बाहेरून अगदीच साधं वाटतं. उत्तरेच्या दरवाजावरच्या कमानीत बारा महिन्यांची शेतीची कामं कोरली आहेत. निम्मी झिजली आहेत, पण थोडा वेळ द्या, कामाला वाकलेला माणूस ओळखू येतो. आत वेदीजवळच्या खांबांची डोकी म्हणजे प्राणिसंग्रहच आहे.

मी गेलो तेव्हा दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेतलेले एक आजोबा बसले होते. मला काही बोलता येईना, त्यांनाही माझं कळेना. त्यांनी मला दंडाला धरून एका खांबापाशी नेलं, टॉर्च लावली आणि एका कोपऱ्यात बोट दाखवलं. वरून बघता पाला वाटणारी गोष्ट खालून बघितल्यावर तोंड होती, दात असलेलं. ते हसले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. अशी माणसं भेटली तर ‘ग्रासियास’ म्हणा, म्हणजे तिथल्या उच्चारात ‘ग्राथिआस’, आणि दानपेटीत काहीतरी टाका. दारं उघडी राहतात ती यांच्यामुळे.

चर्चसमोरच नदीत जुन्या पाणचक्क्या उभ्या आहेत, दुरुस्त करून आत यंत्रं दाखवायला ठेवली आहेत. इथून नदीच्या प्रवाहाबरोबर पुढे गेलात तर पोर्तुगाल लागतं. तिथे दुएरोची दोउरो होते आणि पोर्तोजवळ समुद्राला मिळते. आपल्या वाचकासाठी इथे थोडं थांबण्यासारखं आहे. ११४३ साली याच थामोरात लेओनचा राजा सातवा आल्फोन्सो आणि त्याचा मावसभाऊ आफोन्सो एन्रिकेस भेटले, आणि आल्फोन्सोने त्याला राजा म्हणून मान्य केलं. पोर्तुगाल हे वेगळं राज्य झालं त्याची एक पायरी इथे पडली. पोपची मान्यता आली ती ११७९ मध्ये. १५१० ला मांडवीच्या मुखाशी आलेले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसईतून काढलेले, १९६१ पर्यंत पणजीत राहिलेले पोर्तुगीज, त्यांच्या राज्याचा एक दाखला या छोट्या गावात लिहिला गेला. त्याचं कुठलं भव्य स्मारक शोधू नका.

दुसरा दिवस

सकाळी सान्ता मारिया ला न्वेवा. नावाचा अर्थ नवी सान्ता मारिया, आणि नवी म्हणजे बाराव्या शतकाची. दंतकथा अशी: ११५८ साली बाजारात एका ट्राउट माशावरून चांभार आणि एका सरदाराचा नोकर यांची जुंपली. भांडण वाढलं, सरदार मंडळी चर्चमध्ये जमली आणि चिडलेल्या लोकांनी दारं लावून चर्चच पेटवलं. वेदीवरचा पवित्र प्रसाद भिंतीच्या फटीतून आपोआप बाहेर उडून गेला म्हणतात. किती खरं, किती मागाहून रचलेलं, सांगणं कठीण. पण फट दाखवतात.

नंतर सान्तिआगो देल बुर्गो, दुकानांच्या गर्दीतलं तीन दालनांचं चर्च. आणि वेळ असेल तर गावकुसाबाहेरचं सान्तिआगो दे लोस काबायेरोस, अगदी झोपडीएवढं. एल सिद या अकराव्या शतकातल्या नामांकित स्पॅनिश योद्ध्याला इथे सरदारकीची दीक्षा मिळाली अशी समजूत आहे.

दुपारनंतर माझं मत विचाराल तर गावातली उरलेली चर्च सोडा आणि टॅक्सी ठरवून एल काम्पियोला जा, वीसेक किलोमीटरवर. तिथे सान पेद्रो दे ला नावे आहे, सातव्या शतकातलं, म्हणजे अरबांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या विसिगॉथ लोकांच्या काळातलं. थामोराच्या सगळ्या चर्चपेक्षा पाचशे वर्षांनी जुनं. एस्ला नदीवर धरण झालं तेव्हा ते बुडणार होतं. १९३० ते १९३२ मध्ये एकेक दगड उतरवून ते इथे आणून पुन्हा रचलं. आत खांबांच्या डोक्यांवर सिंहांच्या गुहेतला दानिएल आहे आणि मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम. माणसांची डोकी मोठी, हात लांब, डोळे गोल. उघडण्याचे दिवस ठरावीक असतात, ते आदल्या दिवशी पर्यटन कार्यालयात विचारा. टॅक्सीवाल्याशी जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे मिळून पैसे आधीच ठरवा. परतीला रस्त्यावर दुसरं वाहन मिळणार नाही.

पवित्र सप्ताहात जायचं असेल तर

झावळ्यांच्या रविवारापासून ईस्टरपर्यंत गावाची वस्ती फुगते आणि खोल्या सहा-आठ महिने आधीच संपतात. सेव्हियाचे मेळे रंगीत, आवाजी. थामोराचे मेळे शांत. बुधवारी संध्याकाळी कॅथेड्रलसमोर सगळं गाव मौनाची शपथ घेतं, आणि त्या रात्री बारा वाजता सान क्लाउदिओतून धनगरी घोंगडीसारखे जाड तपकिरी झगे घातलेली माणसं कंदील घेऊन निघतात. गुरुवारी रात्री विरियातोच्या चौकात पुरुषांचा गायकवृंद मिसेरेरे हे पश्चात्तापाचं स्तोत्र म्हणतो. हजारो लोक असतात आणि खोकलाही ऐकू येतो. गुड फ्रायडेला पहाटे पाचला सान हुआनमधून मिरवणूक निघते, आणि मध्ये थांबून लोक लसणीचं गरम सूप पितात.

टोकदार टोप्यांनी चेहरे झाकलेली माणसं पहिल्यांदा बघताना दचकायला होतं. अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लान या कुप्रसिद्ध टोळीशी यांचा काही संबंध नाही. ही प्रायश्चित्ताची रीत तिच्याहून कितीतरी जुनी आहे. पाप कबूल करणाऱ्याचा चेहरा दिसू नये, एवढाच हेतू. मिरवणूक ओलांडू नका, पुढे पळत फोटो काढू नका. लहान मूल रडायला लागलं तर बाजूच्या गल्लीत घेऊन जा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी

ऊन उतरायच्या तासभर आधी दगडी पूल ओलांडून पलीकडच्या काठाला जा. पूल बाराव्या-तेराव्या शतकाचा. त्याच्यावर बुरूज होते, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रहदारीच्या नावाखाली पाडले. पलीकडे पोचलात की मागे वळा: खडक, त्यावर तट, त्यावर कॅथेड्रलचा खवल्यांचा घुमट, खाली पाण्यात सगळं उलटं. ऊन तिरपं होतं तसा दगड पिवळ्यातून तांबड्यात जातो. हे सगळं वीस मिनिटं चालतं. नदीवर वारा असतो, मे महिन्यातही, तेव्हा स्वेटर खोलीवर ठेवून येऊ नका. आणि परतताना पुलावर सायकलींकडे लक्ष असू द्या.